सवयीची साखळी आणि मोबाइलमधील खेळ



गेल्या वर्षी चवथीची सुटी संपवून शाळा पुन्हा भरली, तेव्हा इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी आम्हांस फार उदास दिसला. वर्गात चौकशी केली असता त्याने काहीच सांगितले नाही. मधल्या सुटीत मात्र तो आपण होऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माझे १४३ दिवस गेले.” आम्हांस प्रथम काही उमगेना. मग हळूहळू सारी हकिकत कळली. हा मुलगा मोबाइलमधील एका ॲपवर रोज रात्री इंग्रजी शब्दांचा अभ्यास करीत असे. आपण सलग किती दिवस अभ्यास केला, हे ते ॲप एका ज्योतीशेजारी आकड्याने दाखवी. तो आकडा १४३ वर पोहोचला होता. चवथीस हे कुटुंब पेडण्याहून डिचोली तालुक्यातील आपल्या मूळ घरी गेले. घर डोंगराच्या कुशीत. तेथे मोबाइलला संपर्क मिळत नाही. माटोळी बांधणे, पूजा, रात्रीच्या आरत्या यांत तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर येऊन त्याने मोबाइल उघडला, तो १४३ च्या जागी शून्य! “आता पुन्हा पहिल्यापासून कोण करणार?” असे म्हणून त्याने अभ्यासच सोडून दिला होता.

ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु आम्हांस तिने पुष्कळ विचार करावयास लावले. १४३ दिवसांत शिकलेले शब्द त्या मुलाच्या डोक्यातून एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते. त्याने गमावला होता तो केवळ एक आकडा. मग आकडा गेला म्हणून अभ्यास का जावा? अभ्यासासाठी आकडा होता, की आकड्यासाठी अभ्यास? या एका प्रश्नाच्या अनुरोधाने सवयींची नोंद ठेवणाऱ्या खेळरूप ॲपांचे गुणदोष प्रस्तुत लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

ही ॲपे म्हणजे काय?

खेळात जे जे मनाला गुंतवून ठेवते, ते ते अभ्यास, व्यायाम, वाचन, झोप अशा नित्याच्या कामांना जोडावयाचे, ही या ॲपांमागील कल्पना. या क्लृप्तीस इंग्रजीत ‘गेमिफिकेशन’ असे नाव असून, निक पेलिंग या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने तो शब्द २००२ च्या सुमारास घडविला असे मानतात. आपण त्यास ‘खेळीकरण’ म्हणू.

यांपैकी तीन ॲपे उदाहरणादाखल पाहू. ‘हॅबिटिका’ हे ॲप २०१३ साली सुरू झाले. त्यात आपल्या नावाचा एक चित्रातील वीर असतो. आपण ठरविलेले काम केले, की त्या वीरास अनुभवाचे गुण व सुवर्णनाणी मिळतात. मधूनच एखाद्या प्राण्याचे अंडेही हाती लागते. रोजचे काम चुकले, की त्याची प्राणशक्ती घटते, आणि ती शून्यावर आली तर त्यास एक पायरी खाली उतरावे लागते. ‘ड्युओलिंगो’ हे भाषा शिकविणारे ॲप २०१२ साली सर्वांस खुले झाले. सलग दिवसांचा हिशेब हे त्याचे मुख्य आकर्षण. शिवाय दर आठवड्यास सुमारे ३० जणांच्या गटात गुणानुक्रमे नावांची यादी लागते. ‘फॉरेस्ट’ या तिसऱ्या ॲपात, मोबाइल बाजूस ठेवून आपण कामात लक्ष घातले, तर पडद्यावर एक झाड वाढते. ठरलेल्या वेळेपूर्वी मोबाइल चाळावयास घेतला, तर ते झाड मरते. सरकारनेही हा मार्ग स्वीकारला आहे: २९ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘फिट इंडिया’ ॲप लोकांसमोर ठेवले, त्यात पावले, झोप, पाणी इत्यादींची नोंद ठेवण्याची सोय आहे.

कल्पना जुनीच

साधन नवे असले, तरी सवयीची मोजणी ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात एक प्रयोग नमूद करून ठेवला आहे. त्यांनी १३ सद्गुणांची यादी केली, एका लहान वहीत प्रत्येक सद्गुणास एक पान दिले, आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने आखले, आणि ज्या दिवशी चूक घडेल त्या रकान्यात काळा ठिपका देण्याचा नेम धरला. एका आठवड्यात एका सद्गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे. म्हणजे १३ आठवड्यांत एक आवर्तन व वर्षात चार आवर्तने. ठिपके खोडून खोडून वहीस भोके पडली, तेव्हा त्यांनी ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पाने वापरली! आपण परिपूर्ण झालो नाही, पण प्रयत्नामुळे अधिक चांगले व सुखी झालो, असा कबुलीजबाबही त्यांनी मोकळेपणाने दिला आहे.

आणि इतक्या दूर जावयास तरी कशास हवे? आमच्या घराघरांतील १०८ मण्यांची जपमाळ, वहीत लिहिलेला रामनामाचा जप, सोळा सोमवारांचे व्रत ही सारी मोजणीचीच साधने. परंतु आपल्या व्रतांत दोन गोष्टी अशा आहेत, की त्या या नव्या ॲपांत सहसा आढळत नाहीत. पहिली, खंडाची तरतूद. सोयर-सुतक आले, घरात आजारपण आले, तर व्रत पुढे ढकलावे किंवा घरातील दुसऱ्याने चालवावे, अशी मोकळीक परंपरेनेच दिली आहे. दुसरी, उद्यापन. ठरलेली संख्या पुरी झाली, की व्रताची यथासांग समाप्ती करावयाची. मोबाइलमधील सलग दिवसांच्या साखळीस मात्र उद्यापन नाही. १०० झाले की २००, २०० झाले की ३६५. ही साखळी कधी संपावी, असे ती विणणाऱ्या मालकास वाटतच नाही. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

लाभ

आता लाभांकडे वळू. दोष सांगणे सोपे असते. म्हणून गुण आधी सांगणे न्याय्य होय.

पहिला लाभ असा, की नोंदीमुळे स्वतःची फसवणूक थांबते. “मी तर रोज वाचतो,” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने महिनाभर खरी खूण केली, तर ३० पैकी ९ दिवसच वाचन झाले, असे त्यास दिसून येते. माणसाची स्मृती त्याच्या बाजूने साक्ष देण्यास नेहमीच तत्पर असते. आकडा तसा पक्षपात करीत नाही.

दुसरा लाभ, कामाचे लहान लहान भाग पडतात. ‘इंग्रजी सुधारा’ हा उपदेश ऐकून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘आज पाच शब्द शिका’ हे मात्र त्यास लगेच करता येते.

तिसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. चांगल्या सवयींचे फळ उशिरा मिळते, आणि वाईट सवयींचे सुख ताबडतोब मिळते. आज केलेल्या व्यायामाचे फळ सहा महिन्यांनी दिसेल. आज खाल्लेल्या मिठाईची गोडी मात्र या क्षणी जिभेवर असते. या दोहोंमधील अंतरामुळे पुष्कळांचे संकल्प दुसऱ्या आठवड्यातच बारगळतात. ॲपातील गुण, घंटेचा नाद, वाढणारे झाड ही लहानशी बक्षिसे ते अंतर काही काळ भरून काढतात. नुकत्याच लावलेल्या वेलीस आधार म्हणून काठी द्यावी, तसेच हे होय.

चौथा लाभ सोबतीचा. ‘हॅबिटिका’त काही मित्र मिळून एक तुकडी करू शकतात. तुकडी एखाद्या राक्षसाशी लढत असताना एकाने आपले नित्यकर्म चुकविले, तर इजा सर्वांच्या वीरांस होते. एकट्याच्या आळसाने सोबत्यांचे नुकसान होते, ही जाणीव कित्येकांस कामास लावते.

या संदर्भात सवय लागते तरी कशी, याविषयी झालेले एक संशोधन विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी ९६ स्वयंसेवकांस एकेक लहान नवे काम निवडावयास सांगितले. जेवणाबरोबर फळ खाणे, जेवणापूर्वी धावणे, अशा प्रकारची ती कामे होती; आणि ती १२ आठवडे रोज ठरावीक प्रसंगी करावयाची होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की ते काम आपसूक होऊ लागण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस येतो. मात्र माणसामाणसांत अंतर फार, कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. यावरून ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे लोकप्रिय वचन किती कच्चे आहे, हे दिसून येते. परंतु आम्हांस त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो: मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्याच्या क्रियेस त्याने म्हणण्यासारखी बाधा येत नाही. म्हणजे ज्या एका दिवसासाठी आमचा विद्यार्थी रडकुंडीस आला, त्या दिवसाची किंमत मनाच्या व्यवहारात जवळजवळ काहीच नव्हती. ॲपाच्या व्यवहारात मात्र ती १४३ दिवसांइतकी होती!

हानी

येथूनच हानीचा विचार सुरू होतो. पहिली हानी ही, की जे मोजले जाते तेच मुख्य होऊन बसते, आणि ज्यासाठी मोजावयाचे ते मागे पडते.

याचे एक बोधप्रद उदाहरण आपल्या गोव्यालगतच्या बेळगावात घडले आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. सूतकताईची सवय देशभर रुजावी, श्रमाची प्रतिष्ठा वाढावी, हा गांधीजींचा हेतू. त्यानुसार सभासदाने दरमहा २००० वार स्वतः कातलेले सूत द्यावे, असे ठरले. परंतु आजारीपण, अनिच्छा किंवा तशाच कारणाने जो कातू शकत नसेल, त्याने दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत द्यावे, अशी सवलतही त्यात ठेवावी लागली. सवलत आली, आणि सूत एकाने कातावे व सभासद दुसऱ्याने व्हावे, अशी वाट मोकळी झाली. पुढल्याच वर्षी, १९२५ मध्ये, ही अट सैल होऊन चार आणे वर्गणीचा पर्याय पुन्हा देण्यात आला. सूत वारांनी मोजता येते; ज्या श्रमनिष्ठेसाठी ते कातावयाचे, ती मोजण्यास मात्र कोणतीच पट्टी नाही. जेथे गांधीजींच्या हेतूसही ही अडचण आली, तेथे मोबाइलमधील ज्योतीची काय कथा?

आमचाही या बाबतीतील अपराध येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात वाचनाचा तक्ता लावला होता. पुस्तक वाचून झाले, की नावापुढे एक तारा. पहिल्या महिन्यात तारे भराभर वाढले व आम्हांस मोठा आनंद झाला. पुढे ग्रंथालयाची नोंदवही चाळली, तेव्हा कळले की मुलांनी कपाटातील सर्वांत पातळ पुस्तके आधी संपविली होती. जाड पुस्तकांस कोणी हातही लावला नव्हता. एक मुलगी मात्र महिनाभर एकच मोठी कादंबरी मन लावून वाचीत होती. तिच्या नावापुढे एकही तारा नव्हता. वर्गातील सर्वांत चांगली वाचक आमच्या तक्त्यानुसार सर्वांत मागे होती! तो तक्ता आम्ही दुसऱ्या दिवशी उतरविला.

दुसरी हानी, आकडा कोठून आला याचा विचार न करता आपण त्यापुढे मान तुकवितो. ‘रोज १०,००० पावले’ हा मंत्र आज सर्वत्र ऐकू येतो. त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६४ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले. त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १६,७०० वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले, की रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांचे मृत्युप्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांपुढे त्यात आणखी घट आढळली नाही. आमच्या घरातील एक वडीलधारी व्यक्ती गुडघे दुखत असताही रात्री साडेदहा वाजता सोप्यात येरझाऱ्या घालताना आम्ही पाहिली आहे; कारण काय, तर ‘अजून ८०० राहिली!’ चालणे प्रकृतीसाठी होते; येथे प्रकृतीच चालण्याच्या आकड्याच्या कामी लागली.

तिसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. मुळात ज्या गोष्टीची आवड असते, तिला बक्षीस जोडल्याने ती आवड कमी होऊ शकते. लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची हौस असलेली मुले त्यांनी निवडली. काहींस ‘चित्र काढल्यास सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काहींस काही न सांगता नंतर ते दिले. उरलेल्यांस काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तो बक्षिसाच्या आशेने चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ आपण होऊन चित्रे काढीत होती. खेळ होता त्याची जणू नोकरी झाली, आणि वेतन थांबताच काम थांबले. म्हणून नावडत्या पाढ्यांना गुणांचे आमिष दाखविणे एक वेळ चालेल. पण ज्यास मनापासून वाचावयाची गोडी आहे, त्याच्या वाचनास गुण लावणे म्हणजे उसात साखर घालण्यासारखे होय.

चौथी हानी तुलनेची. गुणानुक्रमाच्या यादीत सर्वांची नावे एका ओळीत लागतात. पण सर्वांची घरे एका ओळीत नसतात. कोणास स्वतंत्र खोली व स्वतःचा मोबाइल आहे. कोणी पहाटेच्या बसने येतो, सायंकाळी घरच्या कामास हातभार लावतो आणि वडिलांचा मोबाइल रात्री नऊनंतर अर्धा तास त्याच्या वाट्यास येतो. या दुसऱ्या मुलाचे १५ मिनिटांचे वाचन पहिल्याच्या तासाभराच्या वाचनाहून मोठे नाही, असे कोण म्हणेल? यादीस हे दिसत नाही. ते पाहण्यास शिक्षकाचे व पालकांचे डोळेच हवेत.

पाचवी हानी पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. आपली सवय आणि ॲपाच्या मालकाचा व्यापार यांचे हित नेहमीच एक नसते. विद्यार्थ्याने भाषा शिकून ॲप मिटून ठेवावे, यात विद्यार्थ्याचा विजय आहे. पण व्यापाऱ्याचे एक गिऱ्हाईक गेले. म्हणूनच अवेळी सूचना येतात, ‘साखळी तुटणार’ अशी भीती घातली जाते. ‘ड्युओलिंगो’त चुकलेला दिवस झाकून साखळी वाचविण्याची सोय आहे, ती ॲपातील रत्ने देऊन घेता येते, आणि रत्ने पैशांनीही विकत मिळतात. जी वस्तू पैशाने दुरुस्त होते, ती सवय नव्हे.

शिवाय आपण केव्हा उठतो, कोठे चालतो, हे सारे टिपून घेतले जाते. ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपाने २०१७ साली आपल्या सभासदांच्या धावण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, की ओसाड प्रदेशांत उजळलेल्या रेषा म्हणजे सैनिकी तळांवरील सैनिकांचे रोजचे फेरफटके होत! नियमित सवय ही स्वतःच एक ओळख असते, हे यावरून समजून घ्यावे. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, तसेच मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई, अशी तरतूद काही अपवाद सोडून केलेली आहे. कायदा आपले काम करील. पण ‘मान्य आहे’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसास विचारणे, हे आपले काम होय.

मग करावे काय?

तात्पर्य, ही ॲपे टाकाऊ नव्हेत आणि तारकही नव्हेत. आरंभी ती काठीचे काम करतात. पण काठी कोणी जन्मभर हातात धरण्यासाठी घेत नाही. आमच्या अल्प अनुभवावरून काही नियम सुचवितो.

१. एका वेळी एकच सवय धरावी. दहा रकाने आखणारा चौथ्या दिवशी वही शोधत बसतो.

२. नवी सवय जुन्या नित्यकर्मास जोडावी. सायंकाळी देवाजवळ दिवा लागला, की पुस्तक उघडावयाचे, असे ठरविले, तर मोबाइलच्या घंटेची गरज उरत नाही.

३. सलग दिवस मोजू नयेत. महिन्यातील एकूण दिवस मोजावेत. ‘साखळी तुटली’ याऐवजी ‘३० पैकी २६’ असे लिहावे. या हिशेबात चुकलेला एक दिवस मागील २६ दिवसांस पुसून टाकू शकत नाही.

४. आकड्याशेजारी एक ओळ लिहावी: आज काय समजले? जे लिहिता येईल, ते खरे शिकलो.

५. न केलेल्या कामावर खूण करू नये. ॲपास फसविणे सोपे आहे; पण तेथे फसविणारा व फसणारा एकच असतो.

६. ॲपाच्या सूचना बंद ठेवाव्यात, त्यात पैसे घालू नयेत, आणि आपण कोठे आहोत हे त्यास विनाकारण कळू देऊ नये.

७. तीन महिन्यांनी उद्यापन करावे. एक आठवडा ॲप पूर्ण बाजूस ठेवावे. सवय चालू राहिली, तर ती आपली झाली. थांबली, तर ती ॲपाचीच होती असे समजून पुन्हा प्रयत्नास लागावे.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी करतो. आम्ही त्यास एक कोरी वही दिली व म्हटले, “त्या १४३ दिवसांत शिकलेले जे शब्द आता आठवतात, ते अर्थासह लिही. मोबाइल उघडू नकोस.” तो ग्रंथालयात जाऊन बसला. शाळा सुटेपर्यंत त्याने सहा पाने भरली. काही शब्द चुकले होते, काहींचे अर्थ अदलाबदल झाले होते. पण सहा पाने होती. आम्ही विचारले, “ही शून्ये आहेत काय?” तो हसला. त्यानंतरच्या महिन्यात त्याने ३० पैकी २१ दिवस अभ्यास केला. पूर्वीच्या मानाने हे कमीच, आणि तो वर्गात पहिलाही आला नाही. परंतु मध्येच चार दिवस ताप आला, तेव्हा पाचव्या दिवशी कोणी न सांगता त्याने वही उघडली. आमच्या मते त्या वर्षीच्या त्याच्या अभ्यासातील सर्वांत मोठा दिवस तोच होय.

शेवटी आपल्या गावाकडील एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. गोव्यातील कितीतरी देवळांत अखंड भजनाचा सप्ताह होतो. मंडपात समई तेवत असते, आणि रात्रंदिवस भजन थांबत नाही. पण एकच मनुष्य काही अहोरात्र गात नाही. वाड्यावाड्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एकाचा आवाज बसला, की दुसरा टाळ हाती घेतो. मध्यरात्री पेंगणाऱ्यास घरी पाठवून तिसरा त्याच्या जागी उभा राहतो. कोणीही थकलेल्याचा हिशेब मांडीत नाही. भजन अखंड राहते, ते माणसे थकत नाहीत म्हणून नव्हे, तर थकलेल्याची जागा घेणारे व विसावा घेऊन परत येणारे गावात असतात म्हणून.

आपल्या सवयींचेही असेच असावे. ज्या दिवशी तुमचा नेम चुकेल, त्या दिवशी घरातील कोणी किंवा शेजारचा मित्र ‘उद्या बसू या’ असे म्हणणारा असावा. आणि मित्राचा नेम चुकेल, तेव्हा तुम्ही ते म्हणावे. ॲपातील ज्योत एक दिवस विझते व शून्य दाखविते. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.